कागदावर होतं, कंप्यूटरवर नव्हतं

म्हैसूर, गुरुवार

प्रिय श्रीहरी,

फोनवर तू अर्धं ऐकून ठेवतोस, म्हणून लिहितोय. सहावीपर्यंत शिकलो, तेही कन्नड शाळेत, तेव्हा चुका सांभाळून घे. तुझ्या आईला जाऊन एकवीस दिवस झाले. तू पुण्याहून तक्रार केलीस, त्यावरून वरलक्ष्मी सिस्टरला कामावरून थांबवलंय. सोमवारी चौकशी आहे. तिची नोकरी राहते की जाते ते तिथे ठरणार. मलाही बोलावलंय.

नऊ दिवस मी हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात आईपाशी स्टुलावर बसून होतो. सिस्टर इन्सुलिन देणार, खाटेपाशी कागदावर लिहिणार, मग पार टोकाला जाऊन तेच कंप्यूटरमध्ये घालणार. कंप्यूटर एक, सिस्टर चार. मी विचारलं, दोनदा कशाला गं? म्हणाली, अज्जा, कागद नसला तर डॉक्टर ओरडतात, कंप्यूटर नसला तर ऑफिस. पेशंटकडून ओरडणारे तुम्ही एकटेच. खरं होतं. फॅन, चादर, काहीही निमित्त काढून मी तिला दिवसातून दहादा उठवायचो.

त्या दुपारी दीडला तिने आईला इन्सुलिन दिलं, कागदावर लिहिलं. कंप्यूटरपाशी बसते न बसते तोच मी गेलो. सलाईनच्या नळीत मला बुडबुडा दिसला होता. ती आली. बुडबुडा नव्हताच. सुम्ने कूत्कोळ्ळी अज्जा, गप्प बसा, म्हणाली, पहिल्यांदाच जरा कडक. परत गेली तर खुर्चीवर दुसरी सिस्टर बसलेली, कंप्यूटरमधलं राहूनच गेलं. दोनला ड्यूटी बदलली. नवी मुलगी आली, तिने कंप्यूटर पाहिला, त्यात इन्सुलिन बाकी दिसत होतं. खाटेपाशीचा कागद न बघता ती सिरिंज घेऊन आली. संध्याकाळी आईची साखर उतरली ती सावरलीच नाही. कंप्यूटर त्या मुलीच्या बाजूने बोलतो, म्हणून सगळं वरलक्ष्मीवर आलंय.

आता जे लिहायला बसलो ते. ती नवी मुलगी सिरिंज घेऊन आली तेव्हा मी तिथेच होतो. आत्ताच दिलंय, हे मला माहीत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण पुन्हा कोणी गप्प बसा म्हणेल म्हणून बोललो नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. घेऊन टाक, म्हणालो. सोमवारी हे सगळं तिथे सांगणार आहे. परक्यांच्या आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. तक्रारीत कोणाचं तरी नाव लागणारच असेल, तर माझं घाल.

म्हणशील तर तुझाच,
अप्पा