कमरेवरच्या दोन फुल्या

ती. आईस,

वाकून नमस्कार. पोट आड येतं, तेव्हा मनातल्या मनात वाकले असं समज.

सुया टोचून घेते म्हटल्यावर तू फोनच ठेवलास, म्हणून हे पत्र. अगं, अ‍ॅक्युपंक्चरच्या केसासारख्या बारीक सुया असतात त्या. डॉक्टरांना विचारूनच जाते, आठवड्यातून एकदा. कंबर जरा हलकी होते, झोप लागते, एवढंच. बाळंतपण सोपं होईल असं त्या सुईवाल्या बाई अजिबात म्हणत नाहीत, म्हणून तर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

कळा सुरू झाल्या की कमरेवर कुठे दाबायचं, हे त्यांनी तुझ्या जावयाला शिकवलं. विसरायला नको म्हणून जावईबापूंनी माझ्या कमरेवर पेनानं दोन फुल्या मारल्या, त्याही न पुसणाऱ्या शाईनं! तपासणीच्या वेळी नर्स हसून हसून बेजार.

तुझे गुडघे कसे आहेत? येता येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

परवा सुई लावण्याआधी बाईंनी अंगठ्यानं जागा चाचपली. पाळीच्या दिवसांत तू दाबून द्यायचीस, नेमकी तीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“सुई दुखली का?” सुई लावून झाल्यावर त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

तुझीच,
थोरली