चाळीस दिवसांच्या फेऱ्या

ताकुआरेम्बो, उरुग्वे
३ मे १८७९

चि. सौ. दोरोतेआस निकानोरदादाचे अनेक आशीर्वाद.

तारेचं कुंपण ताणत आमची टोळी तुमच्या टेकडीपासून पंधरा दिवसांवर आली आहे. तुझ्या हातचा रस्सा मिळणार म्हणून खूश व्हावं, तर तुझ्या दारात यायचीच लाज वाटतेय. काल मुकादम म्हणाला, की कुंपण पुरं झालं की कुरणाच्या सीमेवरच्या गुराख्यांचं काम संपलं. मालक त्यांची घरं रिकामी करून घेणार. म्हणजे तुमचं घर मीच उठवतोय. तू म्हणशील तर उद्याच पक्कड टाकून निघतो. दाजींना सांगायची मला हिंमत नाही, तूच सांग.

रागावलीस तरी लोभ तेवढा तोडू नकोस.

तुझा,
निकानोर

टेकडीवरचं घर
९ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

पक्कड टाकलीस तर याद राख! तू नाही तर दुसरा कुणी ताणेलच, आणि तेही वाकडंतिकडं.

ह्यांना सांगितलं. मग मातेच्या पानांचा कडू चहा पिता पिता म्हणाले, की नवी गुरं आली की चाळीस दिवस मी त्यांच्याभोवती घोड्यावरून फेऱ्या घालायचो, आणि एकेचाळिसाव्या दिवशी ती आपणहून ह्याच टेकडीवर परतायची. आता तारेच्या आत त्यांचं मन रमलं काय, न रमलं काय, मालकाला काय त्याचं?

मला रडूच आलं. लग्न होऊन आले ती इथंच. दुसरीकडे मला झोपसुद्धा लागत नाही, तुला ठाऊक आहे. पण तू जेवायला ये. ह्यांचा राग नाही; तारा ढिल्या सोडल्यास तर येईल म्हणतात.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
दोरा

गावातली खोली
२ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

हे आता कातड्यांच्या वखारीत गाड्या भरतात. बरोबर एकच गाय आणली. आल्या दिवसापासून हे रोज संध्याकाळी घराभोवती घोड्यावरून फेऱ्या घालतात. एका गाईसाठी केवढा थाट, म्हणून शेजारणी हसतात. काल मीही वैतागून म्हटलं, की गाय आठवड्यातच रमली, आता पुरे करा. तर मान खाली घालून म्हणाले, की गाईसाठी कोण घालतंय; आज सदतिसावा दिवस, तुला अजून झोप कुठे लागते?

खरं सांगू दादा? परवाच मला गाढ झोप लागली होती. पण ह्यांना बोलले नाही. अजून तीन दिवस राहिलेत.

येत जा, आणि आठवण ठेव.

तुझी,
दोरा