नेटमध्ये नो-बॉल कोण देतं?

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू लिहितात म्हणे. निवृत्तीनंतर आत्मचरित्राला उपयोग होईल. अर्थात निवृत्तीला अजून बराच अवकाश आहे.

परिस्थिती अशी. सीझनची शेवटची मॅच पुढच्या आठवड्यात, दोन दिवसांची. संघात फास्ट बोलरची एकच जागा शिल्लक. मी, नाहीतर तो नवा डावखुरा. कोचने काल बाजूला घेऊन सांगितलं, नेटमध्ये स्पीड दिसला तर तू, नाहीतर पुढच्या वर्षीचा करार विसर. बोलताना तो माझ्या पोटाकडे बघत होता. मी श्वास आत ओढून धरला होता, त्यामुळे बाणेदार उत्तर देता आलं नाही.

संकल्प: रोज पहाटे पळणे. साखर बंद. पोरं पाठीमागे 'काका' म्हणतात तिकडे दुर्लक्ष. याच ग्राउंडवर एके काळी मला 'तोफ' म्हणायचे.

३ फेब्रुवारी, दुपार

पळालो नाही. गुडघ्याला विश्रांती देणं हेही ट्रेनिंगच. साखर उद्यापासून, कारण चहा आधीच झाला होता.

५ फेब्रुवारी

तोफ परत आली! हे माझे नव्हे, खुद्द कोचचे शब्द. नेटच्या मागून ओरडला. कॅप्टनने येऊन हात मिळवला. डावखुऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला.

झालं असं की समोर पेन्सिल बॅटिंग करत होता. पेन्सिल म्हणजे आमचा ओपनर. अंगाने काडी, पण खेळतो असा की बोलरने घरी जावं. मी एक आखूड बॉल टाकला. त्याला बॅट बाजूला घ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पेन्सिलला उशीर झाला म्हणजे बॉल किती फास्ट असेल, असं कोच सगळ्यांना सांगत सुटला.

बॉल अंगठ्यावर लागला. हाड मोडलं. प्लास्टर. सोमवारी तो वरच्या संघाकडे जाणार होता, आयुष्यातलं पहिलं बोलावणं. आता त्याच्या जागी दुसरा कोणीतरी जाईल. वाईट झालं. पण क्रिकेट आहे. चालायचंच.

(फक्त माझ्या माहितीसाठी: त्या बॉलला माझा पाय रेघेच्या किंचित पुढे पडला होता. फार तर चार बोटं. नेटमध्ये सगळेच टाकतात. अंपायर नसतो, नो-बॉल कोण देतं?)

६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. डाएट उत्तम चालू आहे.

बायकोला सांगितलं, पिच खराब होतं, बॉल अचानक उसळला. ती म्हणाली, पिचने मारलं तर तुझं तोंड का उतरलंय? ती बँकेत आहे. खोट्या सह्या ओळखायचा तिला पगार मिळतो.

नीट आठवून पाहिलं. चार बोटं नसावीत. वीतभर असेल. पण रेघही पुसट झाली होती. पुसट रेघेच्या पुढे गेलं की मागे राहिलं, हे ठामपणे कोण सांगणार? मी तरी सांगणार नाही.

७ फेब्रुवारी

आज सांगून टाकायचं. ठरलं. सकाळी आरशासमोर तालीम केली: "पेन्सिल, त्या बॉलला माझा पाय पुढे होता. चूक माझी." छोटंसं वाक्य. दाढी करता करता पाठ झालं. बायको दारातून म्हणाली, आरशाला सांगतोयस ते चांगलंच आहे, आरसा कोणाला सांगायचा नाही. काही माणसांना कौतुक करताच येत नाही.

संध्याकाळी सफरचंदं घेऊन पेन्सिलच्या घरी. दार त्याच्या आईने उघडलं. म्हणाल्या, परवापासून नुसता भिंतीकडे बघत बसलाय, तुम्ही येणार कळल्यावर जरा उठून बसला. मी वाक्य मनात एकदा म्हणून घेतलं आणि आत गेलो. पेन्सिल प्लास्टर मांडीवर ठेवून बसला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, दादा, माझंच चुकलं.

आता तो स्वतःच असं म्हणतोय म्हटल्यावर काय करणार? मोठ्या माणसाने मार्गदर्शन करायला हवं. मी त्याला बॅट उशिरा का येते ते समजावून सांगितलं. उठून करून दाखवलं. कोपर कुठे हवं, डोकं कुठे हवं. तो शहाण्या मुलासारखा मान डोलावत होता. त्याच्या आईने मी नेलेली सफरचंदं कापून माझ्याचपुढे ठेवली आणि मी ती संपवली. निघताना म्हणाल्या, मोठ्या भावासारखे धावून आलात.

जिना उतरताना मधल्या पायरीवर बसलो. एवढी लाज मला तीन बॉलवर तीन सिक्स बसले होते तेव्हाही वाटली नव्हती. वीतभर नव्हता. पाऊलभर होता.

८ फेब्रुवारी

प्रायश्चित्त: यापुढे नेटमध्येसुद्धा पाय रेघेच्या मागेच.

तसंच केलं. सगळे बॉल नियमात. डावखुऱ्याने त्यातला एक नेटच्या छपरातून बाहेर मारला. तो बॅट धरतो म्हणजे कुंचा धरल्यासारखी धरतो. कोचने विचारलं, मॅचसाठी जोर राखून ठेवतोयस काय? मी हो म्हणालो. खोटं बोललो नाही. जोर कुठेतरी राखलेला असणारच, नाहीतर गेला कुठे?

९ फेब्रुवारी

संघ जाहीर. मी आहे. डावखुरा नाही. त्याने येऊन शुभेच्छा दिल्या. काका म्हणाला, पण तोंडावर म्हणाला. सुधारला आहे पोरगा.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं असावं. घसा खरंच धरला आहे.

शेवटी ठरवलं, पेन्सिलला नाही तर निदान कोचला सांगावं. केबिनमध्ये गेलो. कोच फोनवर वरच्या कोणाशी तरी बोलत होता. "मी शब्द देतो," म्हणत होता, "म्हातारा झालाय पण जाळ आहे अजून. आमच्या सगळ्यात चांगल्या पोराचा अंगठा मोडला त्याने, आणखी काय पुरावा पाहिजे?" फोन ठेवून माझ्याकडे वळला. काय काम काढलंस?

मी विचारलं, ड्रेसिंगरूममधले टॉवेल बदलणार आहेत का?

बदलणार आहेत म्हणाला.

१० फेब्रुवारी

बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, पाय जरासा पुढे होता एवढं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाली, त्याच्या घरी जाऊन त्यालाच शिकवून आलास? मी म्हटलं, विषय निघाला. ती म्हणाली, विषय निघाला नाही, तू काढलास. आणि दिवा न लावता आतल्या खोलीत जाऊन बसली.

तिचं बरोबर आहे. मॅच झाली की पेन्सिलला गाठायचं. पाच विकेट घेऊन सांगितलं तर सांगण्याला वजनही येईल.

११ फेब्रुवारी, लंच

एकही विकेट नाही.

कारण लिहून ठेवतो. मी चांगला रनअप घेतो, वेगात येतो, आणि रेघ जवळ आली की पेन्सिलचा तो प्लास्टरमधला अंगठा डोळ्यांपुढे येतो. पाय आपोआप मागेच टेकतो. किती मागे, ते अंपायरला विचारलं. तो म्हणाला, दुसरा एखादा माणूस आरामात उभा राहील एवढा. वर म्हणाला, इतका नियम पाळणारा बोलर पाहिला नाही.

बॅट्समन मजेत होते. एकाने माझा बॉल येईपर्यंत ग्लोव्हचा पट्टा घट्ट केला असावा असं मला वाटलं.

आणि मग ते झालं. आमचा विकेटकीपर माझ्यासाठी आजवर इतका लांब उभा राहत आला आहे की तिकडून त्याची हाक ऐकू येऊ नये. आज माझ्या तिसऱ्या ओव्हरला तो खाली बघत चालत पुढे आला आणि स्टंपला चिकटून उभा राहिला. स्पिनरला उभे राहतात तसा. हेल्मेटसुद्धा घातलं नाही.

कॅप्टनने तोंड फिरवलं. मी काय करणार? बॉल टाकला. त्याने तो सहज धरला आणि हळूच म्हणाला, छान होता दादा.

१२ फेब्रुवारी

हरलो. कराराचं कोच काही बोलला नाही. पाठीवर हात ठेवून गेला. आजाऱ्याला ठेवतात तसा.

सगळे गेल्यावर बूट सोडत बसलो होतो. पेन्सिल मॅच बघायला आला होता, तो आत आला आणि शेजारी बसला. आता आयती संधी होती. कोणी नव्हतं. वाक्य पाठ होतं. मी म्हणालो, पेन्सिल, त्या बॉलला माझा पाय...

तो म्हणाला, माहीत आहे दादा.

मग त्याने जे सांगितलं ते असं. नेटमध्ये माझा पाय हातभर पुढे पडतो हे संघात सगळ्यांना माहीत आहे. आजचं नाही, दोन-तीन वर्षांपासूनचं. म्हणून मी बोलिंगला आलो की प्रत्येक बॅट्समन गुपचूप थोडा मागे सरकून उभा राहतो. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. मला कोणी बोललं नाही, कारण दादांना वाईट वाटेल. कोच तेवढा नेटच्या मागे असतो, त्याला तिथून रेघ दिसत नाही. त्या दिवशी पेन्सिलने ठरवलं होतं, आता वर खेळायचं आहे, तिथे असं सरकून चालणार नाही, आज आपल्या जागेवरच उभं राहू.

म्हणजे "माझंच चुकलं" ते हे.

मला त्याच्याकडे बघवेना. पायाकडे बघत राहिलो, तर नेमका रेघ ओलांडणारा डावा बूट समोर. पेन्सिल म्हणाला, काल तुम्ही पाय इतका मागे ठेवत होतात, तेव्हाच कळलं मला. माझा अंगठा मोडला ते तुम्ही मनाला लावून घेतलंत. माझ्यामुळे तुमची बोलिंग गेली. मी त्या दिवशी नेहमीसारखा सरकलो असतो तर काहीच झालं नसतं. सॉरी दादा, म्हणाला. त्याने. मला.

वाक्य अजून तोंडात होतं. पहिला अर्धा भाग तर बोलून झाला होता. फक्त "चूक माझी" एवढंच उरलं होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, असू दे रे. होतं असं.

त्याला फार बरं वाटलं. डोळे पुसून गेला.