त्यांना हार्टचं काही नव्हतं

४ मार्च २०२५, मंगळवार

हार्ट अटॅक! डाळमिलच्या मुनिमानं आज डॉक्टरच्या सहीचा कागद आणून दिला, त्यावर तसं लिहिलंय. चौतीस वर्षांचा माणूस! पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि वर पोचल्यावर शीळ घालायचा. त्याला हार्टचं काय होतं? काही नव्हतं!

तोंडानं मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. इथं घेणार. सोमेश. सोमेश. सोमेश. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

लेक आरतीला सहावं लागलंय. शाळेतून येऊन विचारते — "मम्मी, पप्पांना हार्ट होता का?" शाळेपर्यंत पोचलं म्हणजे!

७ मार्च

लिहून ठेवते. नाहीतर लोक म्हणतात तेच मला खरं वाटायला लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार. मिलची मोटर बंद पडली म्हणून सुट्टीच्या दिवशी मालकाचा फोन आला. सोमेश आणि त्याचा धाकटा भाऊ बसवंत दोघं तिथंच कामाला. अकरा वाजता मोटरसायकलवर गेले. दीड वाजता मालकाच्या जीपमधून सोमेशला आणलं, चादरीत. बसवंत भाऊजी जीपमधून खाली उतरेचनात, दोघांनी धरून उतरवलं.

अंघोळ घालताना उजव्या हाताची दोन बोटं काळी दिसली. म्हटलं, हे काय? भाऊजी म्हणाले, "ग्रीस हाय, वैनी." ग्रीस साबणानं निघतं. हे घासून घासून निघालं नाही. करंट लागला, दुसरं काय! पण ऐकतं कोण.

सिद्रामप्पा मालक आमच्याच समाजाचे. उदगीरात त्यांच्या शब्दाबाहेर कोण जातंय? ते म्हणाले, "पोस्टमार्टेम कशाला? चिरलेला देह समाधीत बसवायचा का? पोरगाच होता माझा." आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. सासू — अव्वा — छाती पिटून ओरडली, "माझ्या लेकराला कापू देणार न्हाई!" मग कुणीतरी एक कागद पुढं केला. 'आमची कसलीही तक्रार नाही.' मी सही केली. बारावी पास बाई, आणि न वाचता! ह्या हाताला काय झालं होतं!

१८ मार्च

सकाळच्या एसटीनं लातूर. कामगार कोर्टात काम करणाऱ्या लुंबिनी वकीलबाईंचा नंबर शेजारणीनं दिला होता. वयानं माझ्याएवढ्याच. टेबलावर फायली आणि अर्धा खाल्लेला वडापाव.

म्हणाल्या, "कामावर असताना, कामामुळं गेले एवढं सिद्ध करायचं. चूक मालकाची होती की बरोबरच्या कामगाराची, ह्या दाव्यात ते बघत नाहीत. भरपाई मालकावरच." मला वाटलं, झालं काम! तर म्हणे, "पण डॉक्टर हार्ट म्हणतोय. पोस्टमार्टेम नाही. आणि तक्रार नाही असं तुम्हीच लिहून दिलंय."

रडले. चांगली हुंदके देऊन. त्यांनी रडू दिलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "तुमच्यात पुरतात ना?"

"हो."

"म्हणजे देह आहे. तहसीलदारांच्या हुकमानं बाहेर काढून तपासता येतो. जाळलं असतं तर तेवढाही रस्ता नव्हता." पुढं म्हणाल्या, "पण घाई करू नका. इतक्या दिवसांनी काही सापडेलच असं नाही. घरच्यांशी बोला आधी."

एसटीत पूर्ण वेळ उभी होते. पाय दुखले नाहीत.

१९ मार्च

बोलले. अव्वानं कपाळ बडवून घेतलं. "मेल्यावरबी त्याला सुखानं बसू देईना झालीस! बाई हायस का कोण हायस?" भाऊजी अर्ध्या जेवणावरून उठले आणि बाहेर गेले.

मी म्हटलं, सुखानं बसलाय कुठं तो? खोट्या कागदावर बसलाय! माझ्या तोंडून एवढं कसं निघालं कोण जाणे. निघालं ते बरं झालं.

२१ मार्च

अव्वा माझ्या हातचं खात नाही. तरी तिच्या वाटणीची भाकरी टाकतेच.

२ एप्रिल

मुनीम आला पाकीट घेऊन. "मालकांनी लेकीच्या शिक्षणाला दिलंय. इथं खाली एक सही करा." ह्या वेळेस चष्मा लावून सगळं वाचलं. 'यापुढे कोणताही दावा करणार नाही.' पाकीट त्याच्याच खिशात कोंबलं. म्हटलं, चहा पिऊन जा, सही मिळणार नाही. चहा न पिताच गेला.

९ एप्रिल

अर्ज दिला. एक पोलीस ठाण्यात, एक तहसीलला. पोचपावती घेतल्याशिवाय हलले नाही. तिथला क्लार्क म्हणतो, "बाई, असलं कुणी करतं का?" मी म्हटलं, आता करून राहिले ना, बघा.

३० एप्रिल

बसवजयंती. मिरवणुकीत मालकांचा सत्कार, गळ्यात एवढा मोठा हार. मला बायकांच्या घोळक्यात बघून मुद्दाम जवळ आले. लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंजुश्री, समाधी उकरणं आपल्यात पाप हाय. समाजाचं तरी बघ."

माझं तोंड चाललं! "मालक, पाप कुणाचं ते जमीन खांदल्यावर कळंल की. तुम्ही का घाबरून राहिलात?"

ढोल वाजायचे थांबले नाहीत. घोळक्यातल्या एकीनं मागून माझा हात दाबला. कोण होती, बघितलं नाही.

६ मे

हुकूम निघाला. १५ तारीख.

आता मलाच झोप नाही. सोमेश, तुला त्रास होईल का रे? असा कसा प्रश्न विचारते मी, वेडी.

८ मे

पंचाक्षरी स्वामींकडं गेले. समाधीचे विधी त्यांनीच केले होते. वाटलं, हेही शिव्याच घालतील. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिरलेला देह चालत न्हाई, हे कुणी सांगितलं? मी तर न्हाई सांगितलं. त्या दिवशी मला विचारलंच न्हाई कुणी. अपघातात गेलेल्यांचे तुकडे गोळा करून बसवलेत मी ह्या हातानं." मग हळूच म्हणाले, "मी येतो १५ ला. परत बसवायला माणूस पाहिजे ना."

सगळ्यांनी मालकाचं ऐकलं, स्वामींना विचारायचं कुणाला सुचलंच नाही! मला तरी कुठं सुचलं!

१५ मे

तहसीलदार, पोलीस, सरकारी डॉक्टर, दोन पंच. कनात लावली होती. लुंबिनीताई लातूरहून स्वतःच्या खर्चानं आल्या. मला म्हणाल्या, आत येऊ नका. मी कनातीला चिकटून उभी राहिले. फावड्याचा आवाज ऐकला. तो लिहीत नाही.

अव्वा लिंबाखाली बसली होती. बसवंत भाऊजी तिच्या पायाशी, गुडघ्यात डोकं घालून. मला राग आला. आता रडून राहिलेत! भावासाठी माझ्या अर्जावर साधी सही करायला आले नाहीत ते.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "कातडी राहिली नाही. नमुने पाठवतो, पण करंट होता की नव्हता, आता ठामपणे सांगता येईल असं वाटत नाही." चांगला माणूस होता, माझ्याकडं बघून बोलला.

स्वामींनी सोमेशला परत नीट बसवलं. माती टाकली. मीही टाकली.

संध्याकाळी लुंबिनीताईंचा फोन — "आता डोळ्यांनी बघितलेला कुणी पाहिजे." कुठून आणू? त्या दिवशी मिलच्या गेटवर असलेल्या माणसाला मालकानं मार्चमध्येच हैदराबादला धाडलंय.

हरले असं लिहायला हात होत नाही. लिहिणार नाही.

१६ मे

अव्वानं आज माझ्या हातची भाकरी खाल्ली. दिवसभर भाऊजींकडं बघत बसली.

१७ मे

सकाळी अव्वानं बसवंत भाऊजींचं मनगट धरलं आणि पोलीस ठाण्यापर्यंत चालत नेलं. मला म्हणाली, चल. साहेबांच्या टेबलापुढं त्यांना उभं केलं — "सांग." भाऊजी म्हणाले, "बटन मी दाबलं. दादाचा हात आत मोटरच्या वायरीत होता. मालक वरडले, चालू कर, ट्रक उभा हाय. नंतर म्हनले, तोंड उघडलंस तर तूच जेलात जाशील." अव्वाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिनंच साहेबांना सांगितलं! उरलेल्या एका लेकासाठी ती गप होती. साहेबांनी पेन उचललं तशी ती म्हणाली, "ह्याचं नाव लिहा सायेब. पन मालकाचं आधी लिहा."