हळदी रंगाची गादी

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते. मला असं चटकन उठता येतं, हेसुद्धा हल्ली टोचतं.

कामाचं विचारलंस. बरं चाललंय. परवाच एका ऑफिसनं माझ्या कारखान्यातून चाळीस बैठ्या गाद्या नेल्या. तिथली मंडळी मीटिंगला गोल करून बसतात, काम झालं की गाद्या भिंतीशी रचून मोकळी होतात. साहेब आणि शिपाई एकाच उंचीवर. हे वाक्य माझंच, माहितीपत्रकातलं. त्याखाली 'कुणीही बसा, कसंही बसा' असंही छापलंय. ते लिहिताना मी खोटं लिहीत नव्हते. पण 'कुणीही' लिहिताना बाबांकडे पाहिलं नव्हतं, हेही खरं.

गिऱ्हाइकांना दाखवायला आपली बाहेरची खोली मी गाद्यांनीच सजवली, ते तू फोटोत पाहिलंसच. बाबांची हातांची खुर्ची फोटोच्या मधे येत होती, म्हणून मी ती गॅलरीत नेली आणि तिच्यावर कापडाचे तागे रचले. बाबा एकदाच म्हणाले, "दोन गाद्या एकावर एक घाल ना, जरा उंच होईल." मी म्हटलं, बाबा, ते बरं नाही दिसत. मग ते त्या हळदी रंगाच्या एकाच गादीवर बसू लागले. बसणं जमायचं. उठायचं झालं की दोन्ही हात वर करून हाक मारायचे, "क्रेन पाठवा." मी हातातलं टाकून जायची आणि त्यांना ओढून उभं करायची. "क्रेन जुनी झाली, कुरकुरते," म्हणायचे, आणि आम्ही दोघं हसायचो. ते हसणं मी अजून तपासून पाहते. त्यांचं खरं होतं का, सांगता येत नाही.

एका मंगळवारी, मी घरून निघाल्यावर, ते आपले आपणच गादीवर बसले असणार. अकराच्या सुमारास कारखान्यात त्यांचा फोन आला. "क्रेन मोकळी आहे का?" मी एका खोळीचं माप घेत होते. म्हटलं, क्रेन आज मोठ्या कामावर आहे, संध्याकाळी येईल. "बरं बरं, घाई नाही," म्हणाले. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मीही नाही.

सहाला दार उघडलं तर ते तिथेच होते. पायजमा ओला, गादी ओली. भिंतीवर हातांचे डाग, कमरेइतक्या उंचीपर्यंत, त्याच्या वर एकही नाही. मला पाहून त्यांनी हात वर केले नाहीत. मी पुसत असताना एवढंच म्हणाले, "ताईला सांगू नकोस." मी 'नाही सांगणार' म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची आत आणली. तिच्यावर ते एकदाही बसले नाहीत. पलंग सोडलाच नाही, आणि अडीच महिन्यांत गेले. वयानं थकले, असं मी तुला सांगितलं. डॉक्टरही तेच म्हणाले, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. त्या मंगळवारची माझी डायरी मी काढून पाहिली. दुपारी कारखान्यातच लिहिलंय, 'बाबा आज खुशीत. फोनवर थट्टा.'

तू ती हळदी गादी मागितलीस. फोटोत बाबा तिच्यावर किती निवांत दिसतात, ती आठवण घरी असावी, म्हणालीस. मी खोळ धुतली, नवी चेन लावली, पार्सल शिवलं आणि पत्ता घालायच्या आधी उसवलं. आतला कापूस तोच आहे, ताई. बाबांना दिलेला शब्द मोडतेय, तो माफीसाठी नाही; माफी मला कुठे ठेवावी तेही कळणार नाही. पण काही न कळता तू त्या गादीवर निवांत बसशील, हे माझ्याच्यानं होणार नाही. आता हवी असेल तर कळव.

तुझीच,
धाकटी