कॅन कुणी भरला?

आई, फ्रीजमधला सोडला तर तू बर्फ कधी पाहिला नाहीस, आणि सिंगापूरला संसार थाटल्यामुळे मीही नाही. तुझा नातू मात्र बुकित बातोकच्या घामट हवेत वाढून कॅनडात जाऊन बसलाय आणि तिथे त्याने कॅम्पर घेतलाय. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड: ओटा, बेसिन, नळ, झोपायला बाकडी. हिवाळ्यात नळ्यांत पाणी राहिलं तर गोठून नळ्या फुटतात, म्हणून पाणी काढून त्यात अँटिफ्रीझ भरून ठेवतात. ते दोन तऱ्हेचं मिळतं. एक गाडीच्या रेडिएटरचं, विषारी आणि वर चवीला गोड. दुसरं पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत चालणारं. उन्हाळ्यात त्याच नळाखाली माझी नात, तुझी पणती, पेला धरणार.

रविवारी सकाळी इथल्या ईस्ट कोस्टला समुद्रकाठी फिरायला निघाले होते, एक बूट पायात, एक हातात, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. "आई, आज रात्री मायनस टेन! आत्ताच भरून टाकतो, बघ." पंपाची नळी त्याने अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडलेली. मी सहज विचारलं, नवा आणलास का? "नाही गं, गॅरेजमध्ये अर्धा पडला होता. वेस्ट कशाला करायचा?" हा तुझाच गुण, मला बरंच वाटलं. कॅनवर नळाचं चित्र होतं, आतलं गुलाबी दिसत होतं. "पिंक म्हणजे सेफ, एव्हरीबडी नोज लाह." बोलण्यातलं हे सिंगापुरी शेपूट तिकडेही सुटलेलं नाही.

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू विळीवर दोडका चिरतेयस. मी शाळेतून तहानलेली आलेय, फळीवरची स्क्वॅशची जुनी बाटली घेऊन पेल्यात ओततेय. आपण तसल्या बाटल्यांतच पाणी भरायचो ना. तू विळीवरून कधी उठलीस तेच कळत नाही. पेला भिंतीवर आणि तुझी पाचही बोटं माझ्या गालावर. रंगकामातून उरलेलं टर्पेंटाइन बाबांनी त्या बाटलीत भरून ठेवलं होतं. मारलंस तू आणि रडत बसलीस तूच. मग जुनं पातळ फाडून, जे पोटात जायचं नाही त्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चिंधी बांधलीस. "बाटलीचं तोंड बघू नये. भरणाऱ्याला विचारावं."

"कॅनचं सील तू फोडलंस का?" मी विचारलं.

"हो. म्हणजे, लास्ट इयर. आय थिंक."

"आणि त्यानंतर त्यात कुणी काही भरलं?"

"आई, वर लिहिलंय ना! अंधार पडतोय, बोटं गारठलीत माझी."

"लिहिलेलं चुलीत घाल. पंप सुरू करायचा नाही. आधी बायकोला विचार." मी इतकी ओरडले की शेजारचं दार उघडलं. तो पाय आपटत आत गेला. पडद्यावर नुसता कॅन उरला. रंगाचं काय घेऊन बसलाय, मी मनात म्हणत होते, टर्पेंटाइनही पाण्यासारखंच दिसतं की. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "आई, गाडीचा कॅन चिरला होता, म्हणून उरलेलं तिने ह्यात ओतलं होतं. गाडीचंही पिंकच आहे."

उरलं फेकू नये, हे सुनेलाही आपल्याच घरात लागलेलं वळण.

दुकान बंद व्हायच्या आत तो नवा कॅन आणायला पळाला. पारा उतरत होता. मी तशीच बसून राहिले, बूट हातातच. तुझ्यावर तेव्हा काय गुदरलं असेल ते मला कळत होतं आणि फार भीती वाटत होती. शेवटी फोन आला. त्याने पंपाची नळी धुतली, सील मला दाखवून फोडलं, एकेक नळ उघडून गुलाबी धार पाहिली आणि मगच बंद केला. जुन्या कॅनच्या मुठीला त्याला एक फडकं बांधायला लावलं.

"आई, तुला कसं काय कळलं? गूगल केलंस आह?"

तू आता नाहीस, तरी हे सगळं तुला लिहितेय आणि घडी करून तुझ्या चिंध्यांच्या डब्यात ठेवतेय. कारण मी त्याला नुसतं "हो" म्हणाले. तुझं नाव घेतलं असतं तर त्याच्यासमोर रडले असते.