दोन टिचक्यांनंतरची एक

बाबा, गेल्या आठवड्यात मी समुद्राखाली जाऊन आले. तुम्ही ऐकलं असतंत तर आधी आईला हाक मारली असतीत, "ऐकलंस का, विहिरीत डोकावायला घाबरणारी ही!" तुमची नात आता विशीची आहे आणि तिच्या हट्टापुढे माझं काही चालत नाही. तिने मला इथल्या तरणतलावात पाठीवर हवेची टाकी बांधून शिकायला लावलं आणि मग हाचिजो नावाच्या बेटावर नेलं. टोकियोहून बोटीने जायचं. ज्वालामुखीचं बेट, किनाऱ्यावर नुसता काळा खडक आणि वारा असा की धड उभं राहू देत नाही. आदल्या दिवशी आम्ही तिथला डोंगरही चढलो. वर दाट धुकं, काही म्हणता काही दिसलं नाही. बाकीचे हळहळले. मला बरंच वाटलं, कारण जिथे बघण्यासारखं काही असतं तिथे तुमची आठवण येते, आणि ती मला नको असते.

शाळेत शिकवताना तुमचा आवाज तीन वर्गांपलीकडे ऐकू जायचा. पोरं तुम्हाला पाठीमागे भोंगा म्हणायची, आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. असा माणूस रविवारी मला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी दाखवायला न्यायचा आणि होडीत माझ्यामागे बसला की एकदम मुका व्हायचा. बोलायचं नाही, हा तिथला तुमचा कायदा. होडीच्या फळीवर दोन टिचक्या म्हणजे हलू नकोस. मग पायाला मुंग्या येवोत नाहीतर नाकावर माशी बसो, ढिम्म बसून राहायचं. बऱ्याच वेळाने एक टिचकी. म्हणजे आता बघ. एकदा त्या एकीची वाट न बघता मी उभी राहून ओरडले, "बाबा, रोहित!" फ्लेमिंगोंचा अख्खा थवा उठून गेला. नावाडी हसला, तुम्ही हसला नाहीत. "पाखरांनी बोलावलं होतं का तुला भाषण करायला?" एवढंच म्हणालात. त्यानंतर मी कधी आधी उठले नाही.

लग्न होऊन मी इथे जपानात आले तेव्हा आपल्याकडची पोरं कॉम्प्युटरच्या कामाला नुकती इकडे येऊ लागली होती. टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या दोन खोल्यांत, हे सकाळी ऑफिसला गेले की दिवसभर मी आणि भिंती. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा तेही शेजारीण खुणांनी शिकवायची. मला सातवा महिना लागला आणि तिकडे तुमच्या घशाचं निघालं. सुपारीचं खांडही न खाल्लेला माणूस! ऑपरेशनमध्ये आवाजच गेला. डॉक्टर मला विमानात बसू नका म्हणत होते, मी ऐकणार नव्हते. बॅग भरून दाराशी ठेवली होती. कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला, आईने रिसीव्हर तुमच्यापुढे धरला. "बाबा, मी येऊ का?" पलीकडे नुसता श्वास, घरघरता. आणि मग दोन टिचक्या.

"अहो, फोनवर कसली टकटक करताय?" आई म्हणाली. तिला आपला कायदा माहीत नव्हता. मी रिसीव्हर कानाशी दाबून बसले. दोनांनंतर एक यायची असते. कार्ड संपत आल्याचं कुणी बाई जपानीत सांगू लागली आणि फोन तुटला. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

मी हलले नाही. पोर सुखरूप झाली, तुमच्या दूरदृष्टीने झाली असं सगळे म्हणतात, मीही मान डोलावते. पण मला तुमचा राग येतो, बाबा. इतकी वर्षं झाली तरी येतो. ती बॅग रिकामी करायला मला पोर रांगायला लागेपर्यंत जमलं नाही. नंतर सुट्टीत कितीदा आपल्याकडे आले, उजनीला मात्र गेले नाही. बापाने लेकीला तिथेच बस म्हणून सांगावं आणि पुढचं न सांगता उठून जावं, ही कुठली रीत?

बेटावरचा आमचा वाटाड्या साठीचा, उन्हाने रापलेला. पाण्यात उतरण्याआधी त्याने बजावलं, "काही दिसलं की मी टाकीवर सळई वाजवीन. पाण्यात आवाज कुठून आला ते कळत नाही. शोधत बसू नका, माझ्याकडे बघा." लेकीने माझा हात धरला होता. खाली काळ्या खडकाच्या कपारी, त्यांतून निळे मासे, एक जाडजूड वाम बिळातून तोंड काढून आमच्यावर डाफरत होती. आणि कानात माझाच श्वास, घरघरता. तुमचा फोनवर होता तसाच. मला ते सोसेना. वर जाऊया म्हणून लेकीला खूण करणार, तेवढ्यात टक्. एकच.

वर आल्यावर लेक मास्क काढून ओरडली, "मम्मी, कामे मिता?" कासव पाहिलंस का, म्हणत होती. तिचं बोलणं असंच, अर्ध्याहून जास्त जपानी. केवढं मोठं होतं, अगदी आपल्या शेजारून गेलं, वाटाड्यासुद्धा म्हणाला की एवढं जवळ सहसा येत नाही. गारठ्याने तिचे ओठ निळे पडले होते आणि तरी ती हसत होती. "मिता," मी म्हणाले. पाहिलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, तिला सांगणार नाही. मी कासव पाहिलं नाही, बाबा. सगळे पुढे बघत होते तेव्हा मी मागे वळले होते, तुम्ही कुठे बसलाय ते शोधायला.